आत बघणाऱ्या बायका

कापडी वस्तू शिवून प्रदर्शनात विकायचा आमचा उद्योग, म्हणून पावसाळ्यात आमच्या घरी दिवाळी असते. बाहेर कपडे वाळत नाहीत, सादळलेल्या कापडावर खडूची खूण धड उठत नाही, आणि मशीनशेजारी खणाच्या आकाशकंदिलांचा ढीग. गणपती बसायच्या आत दिवाळीचा निम्मा माल हातावेगळा झाला नाही तर पुढचं सगळं गणित कोलमडतं. नवरात्रात लोकांना गरबा सुचतो, आम्हाला संक्रांत. दिवाळीच्या प्रदर्शनातच वाणाचे नमुने मांडावे लागतात, कारण धोरणी बायका ऑर्डर तिथेच देऊन मोकळ्या होतात. खुद्द सणाच्या दिवशी त्या सणाच्या रंगांकडे बघवत नाही हे खरं. अधिक महिना आला की मात्र मी खूश. 2023 साली अधिक श्रावण आला, गणपती-दिवाळी पुढे सरकले. जावयांना अनारशांचं वाण मिळालं, आम्हाला शिवायला अख्खा महिना.

माझं बरंचसं काम खणाचं. खण मूळचा चोळीचा. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड हे त्याचं गाव. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान, दोन्ही कडांना काठ, मधे बारीक बुट्ट्या. एका चोळीपुरता तुकडा, त्याची त्रिकोणी घडी. तीच घडी अजून ओटीत जाते. चोळ्या घालणाऱ्या कमी झाल्या तसा खण पर्सवर, डायरीवर, तोरणावर चढला. त्याबद्दल नाक मुरडणारे भेटतात. मला त्यात वावगं वाटत नाही. कपाटात घडी करून पडण्यापेक्षा कुणाच्या तरी हातात फिरलेला बरा. बाजारात हल्ली बराचसा खण यंत्रमागावरचा, पॉलिस्टर मिसळलेला येतो. इस्त्री जरा जास्त तापली की आकसतो, पण त्याच्याशी जमवून घेता येतं.

खणाची खरी अडचण मागच्या बाजूला असते. नक्षीचे दोरे ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, उठवलेले. जिथे ते वर दिसत नाहीत तिथे उलट बाजूला मोकळे धावतात. त्यात किल्ली अडकली, कानातल्याचा फासा अडकला, की दोरा ओढला जातो आणि पुढची बुट्टी विस्कटते. त्यामुळे खणाच्या पाउचला अस्तर लागतंच. नुसता शोभेचा प्रश्न नाही तो.

आणि अस्तर म्हटलं की काम दुप्पट. वर खण, मधे पातळ फोम, आत सुती अस्तर. चेन या थरांच्या मधे धरून टीप मारायची. चेनच्या दोन्ही टोकांना कापडाच्या चिमुकल्या पट्ट्या, नाहीतर कोपऱ्यात गोळा होतो. कडेच्या शिवणी मारताना चेन अर्धी उघडी ठेवायची, कारण सगळं उलटं शिवून झाल्यावर अस्तराच्या तळाशी ठेवलेल्या फटीतून अख्खा पाउच सुलटा काढायचा असतो. चेन बंद राहिली तर पाउच आतल्या आत अडकतो आणि शिवण उसवण्यावाचून गत्यंतर नसतं. सुलटा झाला की कोपरे काडीने टोकदार करायचे, मग ती फट हाताने बारीक तुरपायची. इतकं केल्यावर आत एकही कच्ची कड दिसत नाही. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ अशा जागेवर गेला, जिथे गिऱ्हाईक उद्या रुमाल आणि सुट्टे पैसे कोंबणार.

प्रदर्शनात आम्हाला मिळतं एक टेबल, त्याला सॅटिनची झालर, दोन खुर्च्या आणि एक प्लग. शेजारी कोण येणार ते आयोजकांच्या मर्जीवर. गोडा मसाला आला तर संध्याकाळपर्यंत सगळ्या पर्सना वास. घरी नेऊन त्या वाऱ्यावर टाकाव्या लागतात.

स्टॉलमागे बसलं की माणसं कळायला लागतात. काही जणी फोटो काढतात. ‘मला येतं शिवता, नुसती डिझाईन बघतेय,’ हे मोकळेपणानं सांगतात, त्यांचा मला राग येत नाही. काही जणी लांबूनच ‘केवढ्याला?’ विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढच्या स्टॉलवर. काहींच्या नवऱ्यांना खुर्ची लागते, ती द्यावी. बाई निवांत बघते. आणि अधूनमधून एखादी येते, बोलत काही नाही, पाउच उचलते, चेन पुढे-मागे सरकवून बघते, उघडते, आत बोट घालून कोपरा चाचपते. मग अस्तर बाहेर ओढून शिवण बघते. अशा बाईला मी काही सांगायला जात नाही. अडीचशे म्हटल्यावर ती मान हलवते आणि क्यूआर कोड शोधायला लागते.

मीही तशीच झाले आहे. पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते, मुंबईत महालक्ष्मी सरस असतं, तिथे गावोगावच्या बचत गटांच्या बायका येतात. गोधडी दिसली की मी आधी ती उलटी करते. हाताचा धावदोरा दोन टाक्यांत जागा सोडत जातो, मशीनची टीप अखंड रेघ काढते. हातची म्हणून मशीनची गोधडी कुणी गळ्यात मारत असेल तर मागची बाजू लगेच सांगून टाकते.

वाणाचं गिऱ्हाईक म्हणजे वेगळी जात. ‘पन्नास घेतले तर केवढ्याला द्याल?’ पहिला प्रश्न तोच. अपेक्षा पंचवीस-तीस रुपयांची. त्या पैशांत चेन, ती सरकवायचा रनर, कापड, दोरा आणि माझी मजुरी बसवायची तर अस्तर बसत नाही. म्हणून वाणाचे पाउच छापील सुती कापडाचे, एकेरी, आत कच्च्या कडांना नुसतं ओव्हरलॉक, म्हणजे मशीनवर दोरा गुंडाळून घेतलेला. खण त्यांना मी वापरत नाही. तसं आधीच सांगते. ‘चालेल हो, लुटायचेच आहेत,’ असं उत्तर येतं. खोटं नाही ते. मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हे पाउच एका हळदीकुंकवातून निघून दुसऱ्यात पोचतात. माझाच एक फिरत फिरत माझ्या ओंजळीत आला होता, तिळगुळाची पुडी आत घालून. ओव्हरलॉक ठीक होतं.

वाणाला काळाच रंग हवा असतो. तोच काळा दिवाळीत कुणी हातात धरत नाही. त्यामुळे डिसेंबरात रात्री ट्यूबखाली काळ्यावर काळा दोरा. टाका दिसत नाही, उसवायची वेळ आली तर देवच वाली. पुण्याच्या बोहरी आळीतला काळा दोरासुद्धा एका कोनाचा दुसऱ्याशी जुळत नाही हे तेव्हाच समजतं.

मागच्या दिवाळीत एक बाई जुनी खणाची पर्स घेऊन आल्या. माझीच. काठ विरलेला, खण कडांना पांढुरका झालेला, चेनचा रनर तुटलेला. म्हणाल्या, ‘चेन बदलून द्या, बाकी काही झालेलं नाही.’ मी अस्तर बाहेर ओढलं. तळाची तुरपाई जागच्या जागी होती. चेनचे आणि मजुरीचे मिळून ऐंशी रुपये सांगितले. बाईंनी पर्स माझ्या हातातून परत घेतली, पुन्हा उघडली, आत बघितलं आणि म्हणाल्या, ‘साठ करा. नवीन घेणारे ना मी एक.’