रिकाम्या बँडचं सुख

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस टायरवर लाथ मारून बघतो, बॉनेट उघडायला लावतो, इन्शुरन्स कधी संपतोय ते विचारतो, सोबत ओळखीचा फिटर नेतो. टेपचं कुणी विचारत नाही. विचारलंच तर विकणारा छाती काढून सांगतो, "कंपनी फिटिंग हाय साहेब, कुणी हात लावलेला नाही." म्हणजे त्यात कॅसेट आणि रेडिओ, एवढंच. मोबाइलमध्ये गाणी उदंड, दारांतले स्पीकर बरे, आणि मधे हातभर अंतर. ते कमीत कमी पैशांत कसं मिटवायचं, यावर आमच्या बीड-लातूर पट्ट्यात जितकी डोकी तितके इलाज आहेत.

सगळे सांगतात तो इलाज म्हणजे टेपच बदला. दुकानातला पोरगा डॅशबोर्डकडं नुसती नजर टाकून म्हणतो, "सिंगल डिन हाय, बसून जाईल." बसतोही, कारण त्या खणाचं माप ठरलेलं आहे, १८० बाय ५० मिलिमीटर. पण नवा टेप बसला की जुने स्पीकर फाटके वाटायला लागतात, स्पीकर बदलले की दाराचे पत्रे थरथरतात, मग दुकानदार डॅम्पिंग, म्हणजे पत्र्याला आतून जाड अस्तर, करून घ्या म्हणतो. गाडीची किंमत बघता ही चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय मी जुन्या टेपच्या पक्षातला आहे. त्याच्या आवाजाचं बटण गोल आहे, खड्ड्यातसुद्धा न बघता हाताला लागतं. नव्यात सगळं काचेवर, आणि आमच्या रस्त्यांवर चालत्या गाडीत काचेवर नेमक्या जागी बोट टेकवून दाखवणाऱ्याचा सत्कार करायला हवा.

टेपच्या तोंडावर साडेतीन एमएमच्या पिनीचं भोक, म्हणजे ऑक्स, असेल तर माणूस नशीबवान. दोन्हीकडं पिन असलेली ऑक्स वायर घ्यायची, एक टोक इकडं, एक तिकडं, विषय संपला. स्वस्तात याच्याइतका स्वच्छ आवाज दुसरा नाही. पण २०१६ साली ॲपलनं आयफोन ७ मधून ते भोकच काढून टाकलं आणि मग एकेक करून इतर कंपन्यांनाही तशीच बुद्धी सुचली. आता टाइप सीचा कन्व्हर्टर लागतो. त्यातही काही फोनला साधा चालतो, काहींना आत आवाजाची चिप असलेलाच हवा. म्हणून दुकानात आपला फोन लावून, गाणं वाजवून बघितल्याशिवाय पैसे काढू नयेत. नाहीतर सरळ ऑक्समध्ये खोचायचा ब्लूटूथ रिसीव्हर घ्यावा.

वायरवाल्यांची एक तक्रार हमखास असते. फोन चार्जिंगला लावला की गाण्यामागून बारीक शिट्टी यायला लागते. ॲक्सिलेटर दाबला की तिचा सूर चढतो, पाय काढला की उतरतो. आमच्या दाजींनी बेल्ट गेला म्हणून फिटरला भरदुपारी बोलावून घेतलं होतं. बेल्ट बिचारा ठणठणीत. ती शिट्टी अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची. चार्जर आणि टेप, दोघांची अर्थिंग शेवटी गाडीच्या बॉडीलाच. फोन दोघांना एकदम जोडला गेला की अर्थिंगला फिरून यायला एक वाट मिळते आणि अल्टरनेटरची कुरकुर त्या वाटेनं स्पीकरात पोचते. फुकटातला उपाय म्हणजे चार्जर काढणे. नाहीतर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची काडेपेटीएवढी डबी मिळते. तिच्यात चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. ते आवाज पुढं सोडतात, पण तारेला तार लागू देत नाहीत. दाजींना हे समजावून सांगितलं, तर ते म्हणाले, "मंग फिटरनं चहा कशाचा घेतला?"

ऑक्स नाही तिथं कॅसेट. फिलिप्सनं १९६३ साली कॅसेट काढली तेव्हा तिच्या पोटात पुढं फोनची वायर जाईल असं कुणाच्या डोक्यात आलं नसणार. दिसायला ही साधी कॅसेटच, पण आत फीत नाही. टेपचं हेड जिथं येऊन टेकतं, नेमकं तिथं दुसरं एक बारीक हेड बसवलेलं असतं. गाण्याबरहुकूम त्याचं चुंबकत्व बदलत राहतं आणि टेप समजतो, समोरून फीत सरकतीय. आत दातेरी चाकंही असतात, नुसतीच फिरणारी, टेपला बाजू संपल्याची शंका येऊ नये म्हणून. ती कर्रकर्र करतात. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला आणि गाडी उन्हात उभी राहिली की ही कॅसेट बिथरते. खट करून ए बाजू, खट करून बी बाजू, पुन्हा ए. पावसाळ्यात मात्र गुणी वागते.

आता सगळ्यात बदनाम वस्तू, आणि माझी सगळ्यात लाडकी: एफएम ट्रान्समीटर. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा, फोन त्याला ब्लूटूथनं जोडायचा. तो गाणं एफएमवर सोडतो, आणि तोच आकडा गाडीच्या रेडिओवर लावायचा. वायर नाही, तोडफोड नाही, वर मोबाइल चार्जिंगची सोय. पुण्या-मुंबईचे जाणकार नाक मुरडतात: खरखर येते, मधेच दुसरं स्टेशन घुसतं. त्यांच्या गावात ते खरंच आहे. तिथं एफएमचा पट्टा म्हणजे सुट्टीतली एसटी. खासगी स्टेशनं, आकाशवाणी, विविध भारती, विद्यापीठांचे रेडिओ, सगळ्यांनी आधीच खिडकीतून रुमाल टाकलेले. तुमच्या इवल्याशा ट्रान्समीटरला टेकायला जागा कुठली?

आणि इकडं? बीड सोडून मांजरसुंब्याचा घाट चढा, केजच्या दिशेनं वळा आणि रेडिओचं सर्च बटण दाबा. आकडा ८७.५ वरून सुटतो तो पळत सुटतो. एखाद्या ठिकाणी अडखळतो, जरा खरखरतो, पुढं निघतो, १०८ ला टेकतो आणि पुन्हा पहिल्यापासून. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, बालाघाटाचे डोंगर आडवे आले की शहरांची स्टेशनं मागंच राहतात. मागच्या पिढीचा रेडिओ म्हणजे परभणी आकाशवाणी; ती मध्यम लहरींवर लागायची, १३०५ किलोहर्ट्झला, तिचा एफएमच्या पट्ट्याशी संबंधच नव्हता. सगळा बँड आपला.

राज्याचा कुठला भाग विकासात किती मागं राहिला हे मोजणाऱ्या दांडेकर समितीचा अहवाल १९८४ साली आला, तेव्हापासून अनुशेष हा शब्द मराठवाड्याच्या तोंडात बसलाय. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, रेल्वेचा तर विचारूच नका. एफएमचाही आहे. पण मला ज्याचा रोज फायदा होतो असा हा एकच. तो भरून काढण्याची मागणी कुणी करणार असेल तर माझी सही धरू नये.

छत्रपती संभाजीनगर जवळ यायला लागलं की मात्र जरा हुशारी लागते. एका शहरातल्या खासगी स्टेशनांत साधारण ०.८ मेगाहर्ट्झचं अंतर असतं, म्हणून दोघांच्या बरोबर मधला आकडा गाठायचा. ओढून लांब करायची एरियल असेल तर ती आत ढकलावी, बाहेरचं स्टेशन दबतं. आणि फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून मग टेपचं बटण फिरवावं. उलटं केलं की टेप गाण्याबरोबर खरखरही मोठी करून ऐकवतो. बरेच लोक नेमकं उलटंच करतात आणि वस्तूला शिव्या देतात.

रिकाम्या बँडवरसुद्धा शेजारी भेटतोच. पाडळसिंगीच्या टोल नाक्यावर रांगेत होतो. मागच्या सीटवर काकू, आणि त्यांच्यासाठी फोनवर कीर्तन लावलेलं. महाराज ऐन रंगात. सासू-सुनेचा दृष्टांत चाललेला, सासूनं सुनेला पेचात पकडलेलं, सून आता तोंड उघडणार, तेवढ्यात हलगी. कडाडून. मागोमाग डीजेचा ठेका.

"आगं बाई, म्हाराजांना काय झालं?" काकू पुढं सरकल्या.

शेजारच्या रांगेत वऱ्हाडाची जीप होती, हार-फुलं लावलेली, आतली पोरं सीटवर बसल्या बसल्या नाचायलेली. त्यांचाही ट्रान्समीटर माझ्यासारखाच ८७.५ वर. एफएमचा स्वभावच असा आहे की एका आकड्यावर दोघं आले तर रेडिओ दोघांना मिसळत नाही. ज्याचा जोर जास्त त्याला धरतो, दुसऱ्याला पार गिळून टाकतो. मध्यम लहरींवर दोन्ही आवाज एकमेकांत घुसले असते आणि काकूंना निदान सुनेचा अर्धा शब्द तरी ऐकू आला असता. जीप सुटली, लांब गेली, महाराज परत आले. तोवर दृष्टांत आटोपून टाळकरी विठ्ठल विठ्ठल करत होते.

"सून काय म्हणली ते गेलं की! मागं घ्या ते."

मागं घेतलं. आकडाही बदलला. हे ट्रान्समीटर बरेचदा ८७.५ लावूनच येतात आणि लोक तो हलवण्याचे कष्ट घेत नाहीत.

युएसबी असलेल्या गाड्यांचं काय, असं कुणी विचारेल. त्यांचं बरं चाललंय. ३२ जीबीपर्यंतचा पेन ड्राइव्ह घ्यावा, कॉम्प्युटरवर एफएटी३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट करावा, म्हणजे जुना टेपही वाचतो. फक्त बरेच टेप नावाप्रमाणं नाही, तर ज्या क्रमानं गाणी भरली त्या क्रमानं वाजवतात. मोंढ्याजवळच्या मोबाइलच्या दुकानातून पेन ड्राइव्ह भरून घेतला असेल तर आरतीला लागून लावणी येणार हे धरून चालावं. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी हा प्रश्न केव्हाच निकालात काढलाय. त्यांच्याकडं ॲम्प्लिफायर, दोन मोठे बॉक्स आणि ब्लूटूथ-युएसबीचं किट असतं. ते स्वतःही ऐकतात आणि मागं अडकलेल्या आपल्यालाही ऐकवतात. अशा वेळी आपला टेप बंद करावा, जिंकणं शक्य नसतं.

भाचा पुण्याला शिकायला आहे. दिवाळीनंतर गाडी घेऊन निघाला तेव्हा मी ड्रॉवरमधली वायरवाली कॅसेट काढून त्याच्या हातात दिली.

"मामा, ट्रान्समीटर मस्त चालायलंय की. ह्याचं काय काम?"

"वाघोलीच्या पुढं कळंल."

नगर गेलं, शिरूर गेलं, काही कळवलं नाही. मग खराडीजवळून फोन आला, गाडी बाजूला लावून केलेला. मागं कुठल्याशा स्टेशनचा निवेदक आमच्या रेडिओतून मोठमोठ्यानं हसत होता.

"मामा, ही कॅसेट कशी घालायची? वायर कुणीकडनं यायला पाहिजे?"