किनाऱ्याची धूप

गोवा विद्यापीठाच्या ताळगाव पठारावरील आवारात १५ ते १८ डिसेंबर २०२३ या काळात ‘फायर’ची परिषद भरली, तेव्हा मी कऱ्हाडहून लॅपटॉपमध्ये माझी मराठी शोधप्रणाली घेऊन तिथे गेलो होतो. ‘फायर’ म्हणजे फोरम फॉर इन्फर्मेशन रिट्रीव्हल इव्हॅल्युएशन. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकाराने २००८ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमामुळेच मराठीत शोध किती नेमका लागतो हे मोजण्याची सोय झाली, कारण महाराष्ट्र टाइम्स आणि सकाळ या दैनिकांतील सुमारे ९९ हजार बातम्यांचा संग्रह, त्यावर विचारायचे प्रश्न आणि कोणत्या प्रश्नाला कोणती बातमी उपयुक्त ठरते याचे माणसांनी दिलेले निवाडे तिथे प्रथमच एकत्र उपलब्ध झाले.

मी त्याच पद्धतीने, पण एका साप्ताहिकाच्या जुन्या अंकांवर काम केले होते. ते अंक जुन्या फॉन्टमध्ये होते आणि एकाच परिवर्तकातून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, आणलेले होते. प्रश्न ५० होते आणि ते सगळे मीच लिहिले, मीच टंकित केले. ‘किनारा’, ‘किनाऱ्याला’, ‘किनाऱ्यावरून’ ही रूपे एका मूळ रूपाखाली आणणारा स्टेमर बसवल्यावर सरासरी अचूकतेचा आकडा चांगला वर गेला होता आणि मराठीसारख्या प्रत्ययबहुल भाषेत तो जायलाच हवा होता. मी समाधानी होतो.

पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी एक निवृत्त ग्रंथपाल बाई माझ्यापाशी येऊन बसल्या. ग्रंथालयाच्या टेबलावर वाचक येऊन काय विचारतात, याची नोंद त्यांनी अनेक वर्षे वहीत ठेवली होती आणि अलीकडे ती फोनवर उतरवली होती. “सर, तुमचे प्रश्न तुम्हीच लिहिलेत ना? मग हे माझ्या वाचकांचे घालून बघा,” असे म्हणून त्यांनी ती यादी मला पाठवली. पहिलाच प्रश्न ‘किनाऱ्याची धूप’ असा होता. मी तो जसाच्या तसा उचलून शोधचौकटीत टाकला. पहिल्या दहा निकालांत एका देवळातील धुपारती होती, अगरबत्तीच्या कारखान्यातील संप होता आणि घाटमाथ्यावरील जमिनीच्या धुपेवर एक लेख होता, पण समुद्र औषधालाही नव्हता. “धूप मिळाला, किनारा वाहून गेला,” असे बाई म्हणाल्या आणि आजूबाजूचे दोघेतिघे मनमुराद हसले. मीही हसलो, पण माझे हात गार पडले होते, कारण किनाऱ्याच्या धुपेवरील निदान तीन लेख मी स्वतः त्या संग्रहात वाचले होते.

प्रश्नात काही चूक असेल असे वाटून तोच प्रश्न मी स्वतःच्या हाताने टंकित केला, तर तिन्ही लेख वरच्या चार निकालांत आले. पडद्यावर दोन्ही प्रश्न एकाखाली एक होते आणि त्यांच्यात काना-मात्रेचाही फरक दिसत नव्हता. शेवटी मी दोन्ही ओळींतील अक्षरांचे संकेतांक छापून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. ‘ऱ्या’मधील अर्धा र युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो. एक म्हणजे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरा म्हणजे साधा ‘र’ घेऊन, त्याचा पाय मोडून, पुढे झीरो विड्थ जॉइनर हे डोळ्यांना न दिसणारे चिन्ह टाकायचे. बाईंचा फोन पहिला मार्ग वापरत होता, तर माझा जुना कळफलक आणि साप्ताहिकाचा परिवर्तक हे दोघेही दुसरा. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची प्रक्रिया, या दोन रूपांना एक मानत नाही, त्यामुळे तिथूनही मदत नव्हती.

इथवर प्रकरण एका अक्षराचे होते. पण मूळ खोट त्याहून खाली होती आणि ती माझी होती. हिंदीसाठी लिहिलेला मजकूर-सफाईचा कोड मी फारसा विचार न करता उचलला होता आणि त्यात जॉइनर हा कचरा समजून सरसकट काढून टाकला जात होता. जॉइनर गेला की अर्ध्या र चा रफार होतो, म्हणजे सूचीमध्ये ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एकाच नोंदीत जाऊन बसतात. सह्याद्रीतील दऱ्या मागणाऱ्याला माझी प्रणाली निमूटपणे समुद्र दाखवत होती आणि आचाऱ्यांना आचार्यांच्या पंक्तीत बसवत होती. माझ्या हाताने टंकित केलेला प्रश्न जुळला तो अचूकतेमुळे नव्हे, तर प्रश्न आणि मजकूर दोन्ही सारखेच बिघडवले गेले होते म्हणून! ज्या माणसाच्या गावाच्या नावातच ऱ्ह आहे, त्याने हे पाहू नये, याची मला त्या टेबलाशी बसून फार लाज वाटली.

त्या रात्री पणजीतील लॉजवर मी नियमांचा क्रम बदलला. आधी जॉइनरयुक्त रूपाचे ‘ऱ’मध्ये रूपांतर करायचे आणि मगच उरलेले जॉइनर काढायचे, एवढाच तो बदल होता, स्टेमरमधील काही नियम मात्र नव्याने लिहावे लागले. संग्रहाची सूची पुन्हा तयार होईपर्यंत पहाट झाली. त्यानंतर माझे ५० प्रश्न चालवले, तर सरासरी जवळजवळ होती तिथेच राहिली. या आकड्याने मला दिवसभराच्या फजितीपेक्षा जास्त अस्वस्थ केले. ज्या दोषाने शेतकऱ्यांपासून कर्मचाऱ्यांपर्यंत अर्धे वृत्तपत्रीय मराठी फोनवरून विचारणाऱ्यासाठी बंद करून टाकले होते, तो माझ्या मोजपट्टीला दिसतच नव्हता, कारण पट्टी आणि कापड एकाच हाताने कापलेले होते.

माहितीशोध या विद्याशाखेचा पाया मानल्या जाणाऱ्या, १९६० च्या दशकात इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथे सिरिल क्लेव्हरडन यांनी केलेल्या प्रयोगात १,४०० लेख आणि २२५ प्रश्न होते. ते प्रश्न संशोधकांकडून मागवलेले होते; संशोधन करताना त्यांना खरोखर पडलेले. वर्गात हे मी दरवर्षी शिकवतो. शिकवतो आणि पुढच्या पानावरील सूत्राकडे वळतो.

बाईंच्या यादीतील प्रश्न घ्यायचे तर त्यांचे निवाडेही नव्याने हवे होते. १८ तारखेला, परिषदेच्या शेवटच्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर आम्ही दोघे एका रिकाम्या वर्गात बसलो आणि पहिल्या प्रश्नाचे निकाल एकेक करून वाचू लागलो. तिसऱ्याच लेखावर मतभेद झाला. तो खाडीतील वाळूउपशावर होता आणि त्यात ‘धूप’ हा शब्द एकदाही नव्हता. मी त्याला शून्य दिले. “अहो, वाळू काढली म्हणूनच तर किनारा खचतो. माझ्या वाचकाला मी हा अंक पहिला दिला असता,” असे म्हणून बाईंनी एक दिला. दोन निवाडेदारांचे मत जुळत नाही ही या क्षेत्रातील जुनी गोष्ट आहे आणि तरीही प्रणालींचा आपापसांतील क्रम फारसा ढळत नाही, हे एलन व्हूरहीस यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलेले आहे, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्या शून्यावर बोट ठेवून विचारले, “क्रम राहू दे, सर. हा लेख वाचकाला द्यायचा की नाही?”

मी शून्य खोडून एक लिहिला आणि आम्ही चौथा लेख उघडला.