चर्चच्या शाळेतून स्टुडिओपर्यंत

जुन्या हिंदी गाण्यांतल्या व्हायोलिनच्या ताफ्याचं कौतुक करताना आपण स्टुडिओपाशी थांबतो. मला ते गोव्यातल्या चर्चच्या शाळेपर्यंत न्यावंसं वाटतं. मी दादरला ज्या सरांकडे व्हायोलिन शिकले, ते अशाच शाळेत घडले होते.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा शहर घेतलं आणि त्याच शतकात चर्चला जोडून शाळा उभ्या राहू लागल्या. अक्षरओळख, धर्मशिक्षण आणि संगीत. लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, गायला-वाजवायला माणसं हवी होती. धर्मांतराचा तो काळ कठोर होता, तेही या इतिहासातून वगळता येत नाही. पण गावातल्या गरीब घरच्या पोराच्या हातात व्हायोलिन आलं ते इथेच.

शिकवणारा मेस्त. रविवारी गायकवृंद तोच सांभाळायचा, फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणालाही तोच. त्याच्याकडे आधी सोल्फेज: हाताने ताल देत, कागदावरचे स्वर नावानिशी गायचे. सरांनी मलाही तसंच शिकवलं. माझं व्हायोलिन पेटीत बंद, मी टेबलावर हात आपटत दो-रे-मी म्हणतेय आणि एक मात्रा चुकली की ते पेन्सिलीने त्या ओळीच्या सुरुवातीला टिचकी मारायचे. पुन्हा पहिल्यापासून!

मुंबईत हेच कामी आलं. संगीतकार चाल गुणगुणायचा, गोवेकर ती लगेच कागदावर उतरवायचे आणि सगळा ताफा ती वाचून वाजवायचा. हळदोण्यात १९१६ साली जन्मलेले आंतोनियु शाव्हियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, आपल्या सी. रामचंद्रांच्या साथीला होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील तिथल्या चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. अँथनी १९४३ मध्ये मुंबईला आले, नौशादांच्या ताफ्यात बसले आणि पुढे प्यारेलालना त्यांनी व्हायोलिन शिकवलं.

तबकडीवर गायक-संगीतकारांची नावं असत, वादकांची नसत. मेस्ताचं नाव तर कुठून येणार?

साठच्या दशकात मिस्सा लॅटिनमधून लोकभाषेत आली, पोर्तुगीज राजवटही गेली, आणि मेस्ताचं जुनं स्थान हळूहळू सुटत गेलं. अशा मेस्तांनी हाताने उतरवलेल्या स्वरलिपीच्या वह्या मात्र काही घरांत अजून असतील. तुमच्या ओळखीत कुणाकडे असली तर कृपा करून रद्दीत जाऊ देऊ नका. पानापानाचे फोटो काढून ठेवा. वाचता येत नसेल तर मला पाठवा, मी वाजवून पाहीन.