तुझ्या हातात काय आहे?

पंचविशी ओलांडली तरी देवाने मला कशासाठी बोलावलंय, हे कळत नव्हतं. चर्चच्या मंडळीत इतरांच्या साक्षी, म्हणजे देवाचे अनुभव, ऐकायचे. कुणाला स्वप्न पडलेलं, कुणाला वचन मिळालेलं. मला काहीच नाही. शिवाय पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, ते चर्चचा पाळक होण्याचं किंवा मिशनला जाण्याचंच, अशी माझी पक्की समजूत. आणि मी तर चारचौघांत प्रार्थना करतानाही अडखळते.

त्याच दिवसांत स्पायडर-मॅनची १९६२ सालची पहिली गोष्ट पुन्हा वाचली. शक्ती मिळाल्यावर पीटर पार्कर काही लगेच लोकांना वाचवायला धावत नाही. तो टीव्हीवर झळकतो. पळणाऱ्या चोराला अडव म्हणून पोलीस ओरडतो, तर हे काम आपलं नाही म्हणत चोराला जाऊ देतो. पुढे तोच चोर त्याच्या काकांना मारतो. गोष्ट पाठ होती, पण या वेळी मी त्या ओरडण्यापाशी थांबले. हाक आली होती की! फक्त ती आकाशातून आली नव्हती.

मग बायबलमधल्या निर्गमाचे तिसरा-चौथा अध्याय काढले. देव पाठवत असताना मोशेही जड जिभेची सबब सांगतो. पण त्याआधीच देवाने त्याला विचारलेलं असतं, तुझ्या हातात काय आहे? मेंढरं राखायची काठी!

पाळकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी मला तीन महिने एक वही ठेवायला लावली: लोक आपणहून कशासाठी तुझ्याकडे येतात, तेवढंच लिही. वहीत पुन्हा पुन्हा एकच निघालं. आजाऱ्यांच्या नातेवाइकांना कागदपत्रं समजावणं, फॉर्म भरून देणं, त्यांच्यासोबत बसून राहणं. हिशेबाची नोकरी करणारी मी, याला सेवा म्हणतात हे मनातही आलं नव्हतं.

इथे सुपरहिरोंनी मला चकवलंही. सगळ्यांना मीच सावरायचं, या हट्टाने झोप गेली, चिडचिड वाढली. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा बारावा अध्याय तेव्हा खरा वाचला: डोळा हाताला म्हणू शकत नाही, मला तुझी गरज नाही. आणि वधस्तंभाकडे पाहिलं. 'याने दुसऱ्यांना वाचवलं, स्वतःला वाचवता येत नाही,' अशी थट्टा होत असताना कुठलाही सुपरहिरो खाली उतरला असता. येशू उतरला नाही. माझा तारणारा तो आहे, मी कुणाची तारणारी नाही, हे कळल्यावर खांद्यावरचं ओझं उतरलं.

आता आम्ही चौघं आजाऱ्यांकडे आळीपाळीने जातो. प्रार्थनेत मी अजूनही अडखळते. खाटेशेजारी बसल्यावर कुणी कधी मोठी प्रार्थना मागितलेली नाही.