माउंट ऑबर्नचा नकाशा: रस्त्यांचा थर पूर्ण, आता कुंपणं

अमेरिकेत बॉस्टनजवळच्या माउंट ऑबर्न दफनभूमीचा मी नकाशा करतेय, त्यातला रस्त्यांचा थर पूर्ण झाला. तळाशी मोजणीदार अलेक्झांडर वॉड्सवर्थचा १८३१चा आराखडा, त्यावर मॅसजीआयएसच्या (मॅसॅच्युसेट्स राज्याच्या नकाशा-माहिती विभागाच्या) मोफत लायडार डेटामधून, म्हणजे विमानातून लेसरने केलेल्या उंचीच्या मोजणीतून, काढलेल्या समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) आणि सगळ्यात वर आजचे रस्ते, अशी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधली रचना आहे.

जुना कागद आजच्या नकाशावर बसवताना कंट्रोल पॉइंट, म्हणजे दोन्हींवर एकच असणाऱ्या खुणा, कुठे घ्यायचे, यावर बराच विचार करावा लागला. तळ्यांचे काठ उपयोगाचे नाहीत. इथल्या पाणथळ जागांना नंतर आकार दिला गेला. आजचं हॅल्सियन लेक पूर्वी गार्डन पाँड होतं. टेकडीवरचा वॉशिंग्टन टॉवर उत्तम खूण ठरला असता, पण तो १८५०च्या दशकातला. उरले रस्त्यांचे फाटे. मात्र सगळे फाटे वापरून नकाशा बसवायचा आणि मग ‘रस्ते हलले नाहीत’ म्हणायचं, यात काही अर्थ नाही. म्हणून थोडेच फाटे कंट्रोलसाठी घेतले, बाकीचे तपासणीसाठी राखून ठेवले. रूपांतरही पहिल्या दर्जाच्या पॉलिनोमियलचंच ठेवलं, ज्यात सगळा कागद एकसारखाच सरकतो, फिरतो किंवा ताणला जातो. थिन प्लेट स्प्लाइन या दुसऱ्या पद्धतीत सगळे बिंदू छान जुळतात, पण त्यासाठी कागद हवा तसा ताणला जातो आणि मूळ मोजणीतला फरक दिसेनासा होतो. मला तो फरक पाहायचा होता.

समोच्चरेषांचा थर चालू केला आणि इथले रस्ते आखणाऱ्या हेन्री डिअरबॉर्नच्या कामाबद्दलचा आदर दुणावला. बॉस्टनमध्ये चर्चखाली आणि दाटीच्या आवारांत होणारी दफनं थांबावीत म्हणून डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जेकब बिगेलो १८२५पासून प्रयत्न करत होते. १८२९मध्ये मॅसॅच्युसेट्स हॉर्टिकल्चरल सोसायटी स्थापन झाली, डिअरबॉर्न तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि १८३१मध्ये सुमारे ७२ एकर जागेवर दफनभूमी आणि प्रायोगिक बाग अशी दुहेरी योजना आकाराला आली. पॅरिसची १८०४ची पेर लाशेझ दफनभूमी त्यांच्यासमोर होती. पण तिथे प्रवेशद्वारातून सरळ चढत जाणारा अक्ष आहे. इथे डिअरबॉर्ननी ठळक चढउतार तसेच ठेवले आणि गाडीरस्ते उतारांवरून तिरके, हळूहळू वळवत नेले. घोडागाडीला चढ जड जाऊ नये हा व्यवहार त्यात आहेच; शिवाय प्रत्येक वळणानंतर पुढचा भाग नव्याने उघडतो. इंडियन रिज पाथ तर हिमनदीने मागे ठेवलेल्या लांबट कण्यावरून जातो. उंचसखलपणा हीच इथली खरी रेखाटणी, असं माझं ठाम मत झालंय.

गुणधर्म-तक्ता (नकाशातल्या प्रत्येक रस्त्याची माहिती ठेवणारा तक्ता) भरताना नावांची पद्धतही लक्षात ठेवा, फार मदत होते: रुंद अव्हेन्यूंना बहुतेक झाडांची नावं (स्प्रूस, वॉलनट, सायप्रस) आणि पायवाटांना झुडपांची, फुलांची. जुन्या कागदावरचं नाव पुसट असलं तरी वाट कोणत्या वर्गातली हे त्यावरून ओळखता येतं. सेंट्रल किंवा माउंटन अव्हेन्यूसारखे अपवाद आहेत, ते वेगळ्या रंगात दाखवलेत.

प्रायोगिक बाग फार टिकली नाही. १८३५मध्ये दफनभूमी सोसायटीपासून वेगळी झाली आणि बागेची जागाही दफनासाठी गेली. नकाशावर तो पट्टा तिरप्या रेघांनी दाखवलाय.

आता कुंपणांचा थर, आणि हा सगळ्यात चंचल आहे. सुरुवातीला ३०० चौरस फुटांचा कौटुंबिक प्लॉट ६० डॉलरला मिळे. मालकांनी आपापल्या प्लॉटभोवती लोखंडी कुंपणं घातली. मग लोखंड मागे पडून ग्रॅनाइटचे कठडे आले आणि पुढे तेही नकोसे झाले. तिकडे सिनसिनाटीच्या स्प्रिंग ग्रोव्हमध्ये अडॉल्फ श्ट्राउख यांनी १८५५पासून कुंपणं हटवून सलग हिरवळ ठेवण्याचा आग्रह धरला होता, आणि ही विचारसरणी अमेरिकेतल्या बऱ्याच दफनभूमींनी उचलली. म्हणजे मोकळ्या रानासारखी वाटावी म्हणून आखलेली जागा मधली कित्येक वर्षं छोट्या छोट्या चौकटींनी भरलेली होती! आज तिथली छायाचित्रं बघून जी मोकळीक जाणवते ती थेट १८३१ची समजू नका.

कुंपणांसाठी एकच थर न करता लोखंड, ग्रॅनाइट आणि हटवलेल्या कडा असे तीन थर करतेय, प्रत्येकाला सुरुवात आणि शेवट असे दोन वर्षांचे रकाने. क्यूजीआयएसच्या टेम्पोरल कंट्रोलरमध्ये मग ते काळानुसार सरकवता येतील. त्यानंतर वॉशिंग्टन टॉवरवरून दृश्यक्षेत्र, म्हणजे तिथून कुठवरचा भाग दिसतो ते, काढायचंय. मनोरा ६२ फुटी आहे, तेव्हा निरीक्षकाची उंची तेवढी धरून आधी उघड्या जमिनीवर आणि मग लायडारमधल्या झाडांच्या उंचीसकट, असं दोनदा चालवेन.