टायमर आधी थांबवायचा की वर्क?

क्रॅशच्या लॉगमध्ये आमच्या ड्रायव्हरचं नावच नव्हतं. लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, मुदत संपलेले टायमर चालवत असताना भलत्याच पत्त्यावर उडी मारून कोसळत होतं. आमच्या ड्रायव्हरचं मॉड्यूल, म्हणजे चालू कर्नलला जोडता-काढता येणारा तुकडा, अनलोड केल्यावर लगेच नाही, थोड्या वेळाने. आणि तेही दर वेळी नाही. मॉड्यूल काढलंच नाही तर मशीन खुशाल चालत राहायचं, एवढ्यावरून संशय आमच्यावर आला.

अशा वेळी पहिला मोह होतो तो जागोजागी प्रिंटके, म्हणजे लॉगमध्ये ओळ छापणारे कॉल, टाकायचा. टाकले, आणि क्रॅश गायब. ओळ छापायला लागणारा वेळसुद्धा दोन सीपीयूंची चुकामूक करायला पुरतो. निदान झालं नाही, पण भानगड वेळेची आहे एवढं नक्की झालं.

मग कर्नल अ‍ॅड्रेस सॅनिटायझर, म्हणजे केसॅन, चालू करून बिल्ड केलं. हे साधन एक अष्टमांश मेमरी स्वतःच्या हिशेबासाठी अडवतं आणि सगळंच मंदावतं, पण अहवाल चोख देतं: मेमरी कुठे घेतली, कुठे सोडली, सोडल्यावर कोणी हात लावला. सोडली होती आमच्या रिमूव्ह फंक्शनने, म्हणजे ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या कोडने; हात लावला टायमरच्या कोडने. खरी मदत मात्र झाली ती डीबग ऑब्जेक्ट्स या पर्यायाची, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. तो के-फ्रीच्या, म्हणजे मेमरी सोडण्याच्या, क्षणीच ओरडतो, की तुम्ही सोडताय त्या मेमरीत अजून एक जिवंत टायमर आहे. क्रॅश होईपर्यंत थांबायची गरजच उरत नाही.

आता कोड. डिव्हाइसची तब्येत ठराविक अंतराने तपासायला एक टायमर होता. टायमरचा कॉलबॅक, म्हणजे तो वाजल्यावर चालणारं फंक्शन, सॉफ्टआयआरक्यू या कर्नलच्या तातडीच्या टप्प्यात चालतो, तिथे झोपता, म्हणजे थांबून वाट बघता, येत नाही, म्हणून तो फक्त वर्कक्यूवर, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या रांगेत, काम (वर्क) टाकायचा. ते वर्क डिव्हाइसशी बोलायचं आणि शेवटी मॉड टायमर करून तोच टायमर पुन्हा लावायचं. दोघं एकमेकांना जागं ठेवत होते. रिमूव्हमध्ये आधी टायमर थांबवला होता, मग कॅन्सल वर्क सिंक, मग के-फ्री. वाचताना यात खटकण्यासारखं काही दिसत नाही.

कर्नलच्या पॅचमध्ये रेस, म्हणजे दोन कामांच्या वेळेच्या क्रमावर अवलंबून असलेली चूक, समजावताना दोन रकाने काढायची पद्धत आहे, डावीकडे सीपीयू शून्य, उजवीकडे सीपीयू एक. तसे काढले. डावीकडे रिमूव्ह टायमर थांबवतं. त्याच वेळी उजवीकडे वर्क अर्ध्यात आहे, आणि डावीकडचं काम उरकल्यावर ते टायमर पुन्हा लावतं. कॅन्सल वर्क सिंक इमानदारीने वर्क संपायची वाट बघतं, वर्क संपतं, मेमरी सुटते, आणि टायमर लावलेलाच राहतो. सहकारी म्हणाला, “मग क्रम उलटा कर ना.” तोही काढून पाहिला. आधी वर्क रद्द केलं, तर मधल्या फटीत टायमर वाजून नवं वर्क टाकतो. म्हणजे या दोन ओळी कशाही लावल्या तरी भोक राहतंच. प्रश्न लॉकचा नव्हताच, ‘आता पुन्हा उठायचं नाही’ हे कोण कोणाला सांगणार याचा होता.

रिमूव्हमध्ये म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक, धरून सगळं उरकावं, असंही सुचवलं गेलं. पण वर्क तोच म्यूटेक्स घेतं. तो धरून वर्क संपायची वाट बघितली की दोघंही कायमचे अडकले. लॉकडेपने पहिल्याच धावेत ही साखळी दाखवली. 2006 पासून कर्नलमध्ये असलेलं, लॉक घेण्याचा क्रम तपासणारं हे साधन प्रत्यक्ष डेडलॉक, म्हणजे असं अडकणं, व्हायची वाट बघत नाही, ही त्याची खरी किंमत.

उत्तर 6.2 आवृत्तीपासून कर्नलमध्येच आहे: टायमर शटडाऊन सिंक. ते टायमर थांबवतं आणि त्याचा फंक्शन पॉइंटर पुसून टाकतं, त्यामुळे नंतर कोणी मॉड टायमर केलं तरी ते मुकाट्याने दुर्लक्षिलं जातं. मग वर्क रद्द करायचं, मग मेमरी सोडायची.

आमच्या कोडची जुनी शाखा मात्र त्याआधीच्या कर्नलवरची, तिथे फ्लॅग, म्हणजे ‘आता थांबतोय’ अशी खूण, लागला. इथे नुसता फ्लॅग पुरत नाही: वर्कने फ्लॅग तपासला आणि टायमर लावला, या दोन कृतींमध्येच रिमूव्ह घुसू शकतं. तपासणं आणि लावणं एकाच स्पिनलॉकखाली (न झोपता वाट बघायला लावणारं लॉक) हवं, आणि फ्लॅग उभारणंही त्याच लॉकखाली. लॉक सोडल्यावर टायमर थांबवायचा, मग वर्क.

पडताळणीसाठी वर्कमध्ये मॉड टायमरच्या आधी मुद्दाम थोडा डिले घातला. फट रुंद झाल्यावर जुना कोड जवळपास दर वेळी पडू लागला, नवा पडेना. तरी ‘पडेना’ याला मी पुरावा मानत नाही. चाचणी फार तर एखादा क्रम घडतो हे दाखवते. घडूच शकत नाही हे रकान्यांतच दाखवावं लागतं. “प्रत्यक्षात कुठे होतंय असं?” असं म्हणणाऱ्यांना मी लिनक्समधल्या डर्टी काऊ या गाजलेल्या सुरक्षा-त्रुटीची आठवण करून देते. ती रेस निदान 2007 पासून कर्नलमध्ये होती, दुरुस्त झाली 2016 मध्ये. लिनक्सचे जनक लायनस टॉरवाल्ड्स यांनी त्या पॅचमध्येच लिहिलंय की हा बग त्यांनी अकरा वर्षांपूर्वी सोडवायचा प्रयत्न केला होता. तेव्हा जी रेस निव्वळ कागदावरची वाटत होती, ती पुढे सहज घडवता येऊ लागली.

रिव्ह्यूमध्ये एकच प्रश्न आला, आणि तो रास्त होता: “सस्पेंडमध्येही हीच जोडी थांबवताय, तिथलं काय?” सस्पेंड म्हणजे मशीन तात्पुरतं झोपवणं; तिथे टायमर शटडाऊन चालत नाही, कारण रिझ्यूमनंतर तोच टायमर परत लागतो. म्हणून जुन्या शाखेतला फ्लॅग मुख्य शाखेतही आणला, फक्त सस्पेंडसाठी. रिझ्यूममध्ये तो लॉकखाली उतरवला जातो, आणि मगच टायमर लागतो.