कुर्डुवाडीला बदलायचंय

कुर्डुवाडीला कोणी कुर्डुवाडीसाठी उतरत नाही, असं आमच्या घरी म्हणायचे. तिथल्या लोकांना राग येईल, पण लहानपणी मला खरंच वाटायचं की हे गाव म्हणजे एक लांबच्या लांब प्लॅटफॉर्म, मागं असतील चार घरं. आजोळ बार्शीचं. मुंबईहून मोठ्या गाडीनं निघायचं आणि मध्यरात्री कधीतरी आई गदागदा हलवायची, "ऊठ, कुर्डुवाडी आली, चप्पल शोध", आणि चप्पल कधीच सापडायची नाही, एक कोणाच्या तरी ट्रंकेमागं आणि दुसरी पार पलीकडच्या खिडकीखाली.

मग चादर अंथरून सकाळच्या छोट्या गाडीची वाट बघायची. एकादशीच्या आसपास असलो तर पाय ठेवायला जागा नसायची, सगळे पंढरपूरला निघालेले. एकदा एक म्हातारबाबा टाळाच्या दोरीला गाठ मारत बसले होते, गाठ सुटायची, ते परत मारायचे, दोरीचं टोक थुंकी लावून वळायचे, परत सुटायची. मी तासभर तेच बघत बसले होते. शेवटी त्यांनी दोरी टोपीत ठेवली आणि झोपून गेले.

ही सगळी भानगड रुळांची. बार्शी बाजारपेठेचं गाव, पण मुंबई-सोलापूर लाईन तिला लांबून टाळून गेली, म्हणून एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं अडीच फुटी रूळ टाकून १८९७ साली छोटी गाडी बार्शीपर्यंत नेली. तेव्हा कुर्डुवाडी स्टेशनला बार्शी रोड म्हणायचे, म्हणजे नावसुद्धा दुसऱ्याच गावाचं! पुढं ते रूळ १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरजेपर्यंत गेले. ह्याच कॅलथ्रॉपनं नंतर विमानातून उडी मारायचं पॅराशूट पण बनवलं. रेल्वेवाल्याला हे कुठून सुचलं? बार्शी लाईटमध्ये, म्हणजे ह्या छोट्या गाडीत, बसलं की उडी मारावीशी वाटतेच, असं मामाचं मत. चालत्या गाडीतून उतरून, हात-पाय धुवून परत गाडी पकडल्याचं तो शपथेवर सांगायचा, पण छोटी गाडी असलेल्या प्रत्येक गावातला मामा हेच सांगतो, त्यामुळे माझा काही विश्वास नाही.

मोठ्या गाडीचे रूळ साडेपाच फुटी, छोटीचे अडीच. त्या तीन फुटांच्या फरकावर हे स्टेशन जगलं. माणूस निदान स्वतःच्या पायानं इकडून तिकडं जातो, पोतं कसं जाणार? प्रत्येक पोतं एका वाघिणीतून उतरवायचं, पाठीवर घ्यायचं, दुसरीत भरायचं. त्यात हमाल आले, गोदामं आली, छोट्या गाड्यांचं वर्कशॉप पण इथंच. आणि आमच्यासारखे अर्धवट झोपेतले लोक, ज्यांना गाडी बदलायची म्हणून चार अनोळखी माणसांशी बोलावंच लागायचं, लातूरची कुठं लागते हो, आमच्या सामानाकडं जरा बघता का.

२००८ पर्यंत लातूरच्या बाजूचे रूळ रुंद झाले आणि बदलायचं कारणच संपलं. वाईट झालं असं म्हणायला जीभ रेटत नाही. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती ह्याच मार्गानं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. आमच्या त्या बारक्या गाडीला हे ओझं झेपलं असतं? नावच नको.

गेल्या वर्षी लातूरच्या गाडीनं चालले होते, थेट जाणारी गाडी, उतरायचं काही कारण नाही. तरी कुर्डुवाडीला आपोआप जाग आली आणि मी उठून आधी बाकाखाली हात घालून चपला चाचपल्या, दोन्ही जागेवर होत्या. प्लॅटफॉर्मवर उतरले. एक कुत्रं, दोन रेल्वेवाले, बाकड्यावर तोंडावर टॉवेल घेऊन झोपलेला एकजण. डब्याच्या दारातून एका बाईंनी डोकं बाहेर काढून विचारलं, "ताई, लातूर आलं का हो?"

"नाही, कुर्डुवाडी आहे."

"मग झोपते," म्हणाल्या आणि आत गेल्या.